रुमालाखालचं इंजिन

माझ्या नवऱ्याच्या गाडीचं इंजिन मी विकलं. दोन हजार नऊ साली, मे महिन्यात, अठ्ठावीस हजारांना. ही गोष्ट तीनच माणसांना माहीत होती: मला, ज्याने ते काढून दिलं त्या महादू मिस्त्रीला आणि ज्याने घेतलं त्याला. महादू मिस्त्री पुढे वारला. घेणाऱ्याने तोंड उघडलं नाही. मग मी कशाला उघडू?

नवऱ्याचं नाव अब्बास. समोर मी त्याला "अवो" म्हणते आणि अहोजाहो करते; पण लिहिताना अब्बासच म्हणणार, लिहिताना कोण अडवतं? त्याने बावीस वर्षं कुवेतला कंपनीच्या गाड्या चालवल्या. दोन हजार चार साली सुट्टीवर आला तो मुंबईत एका निवृत्त जहाज कप्तानाकडून लाल जपानी गाडी घेऊनच महाडात उतरला. दोन दरवाजे, दोनच सीट, छप्पर मागे दुमडणारं. आमच्या घरात तेव्हा माणसं सात. मी विचारलं, बाकीच्या पाच जणांनी कुठे बसायचं? तर म्हणाला, "ही माणसं न्यायची गाडी नाय गो. ही स्पोर्ट्स कार हाय."

म्हणजे काय, तर पेठेतून चवदार तळ्याला एक चक्कर मारायची, एसटी स्टँडसमोर थोडी घरघर करायची आणि घरी आणून वर चादर घालायची. तिचं नाव शहजादी. इतक्या वर्षांत शहजादीत मी मोजून चार वेळा बसले, चारही वेळा डावीकडे. एकदा म्हटलं, मलाही शिकवा की चालवायला. तर ते तो महिनाभर अख्ख्या मोहल्ल्याला विनोद म्हणून सांगत होता. हे मी विसरलेले नाही.

आता इंजिनाचं सांगते. दोन हजार नऊला माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. अब्बास तिकडून फोनवर म्हणायचा, "थाटात कर. पैसे टाकतोय." मंगळवारी टाकतो, मग पुढच्या मंगळवारी टाकतो, मग बँकेची काहीतरी गडबड आहे. तेवढ्यात शेजारचा एक जण कुवेतहून परत आला, त्याच्या बायकोकडून मला कळलं की अब्बासच्या कंपनीत सात महिने पगारच झालेला नाही, लोक एकमेकांच्या खोल्यांवर जेवून दिवस काढतायत. त्याने मला सांगितलं नाही, म्हणून मीही त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो तिथल्या तिथे खचला असता. मला त्या दिवसांत त्याची फार दया यायची आणि तितकाच रागही यायचा.

पण लग्न समोर उभं होतं आणि मटणवाल्याला वीस हजार द्यायचे होते. दागिने विकले असते तर माझ्या गळ्यावर दिसलं असतं. गाडीचं इंजिन कुणाला दिसतं?

महादू मिस्त्रीने गिऱ्हाईक आणलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत भात भरडायची गिरणी चालवणारा हैबती. त्या काळी त्यांच्याकडे वीज आली तर आली. त्याच्याकडे म्हशी मोप, शेणाच्या गॅसची टाकी बांधलेली, आणि त्या गॅसवर चालेल असं पेट्रोलचं मजबूत इंजिन त्याला हवं होतं. तो आला, इंजिन चालू करून ऐकलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

मला ते नवीन नव्हतं. माझे वडील हमजाशेठ बैलांचे व्यापारी. बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं धरून करतात. बोट म्हणजे शंभर, हजार की दहा हजार, तेवढं आधी बोलायचं. मग जितकी बोटं धरली तितका भाव. पंजा मिटला की सौदा पक्का. बघणाऱ्याला भाव कळत नाही आणि झालेला सौदा कुणी कधी चारचौघांत काढत नाही. हैबतीने माझ्या वडिलांशी असे पुष्कळ सौदे केलेले. तरी बाई रुमालात हात घालतेय म्हटल्यावर तो जरा चाचरला. मी म्हटलं, हात हमजाशेठचाच आहे समजा. आधी दहा हजारांची दोन बोटं, मग हजाराची आठ, असा अठ्ठावीसवर पंजा मिटला. मग मी वडिलांची एक सवय होती ती केली: सुटता सुटता त्याची करंगळी धरली. त्याचा अर्थ असा, की पुढे कधी विकायचं झालं तर आधी मला विचारायचं. हैबतीने मान हलवली.

महादू मिस्त्रीने आठ हजारांत एका जुन्या व्हॅनचं इंजिन आणून शहजादीत बसवलं. वर मूळ इंजिनाचं चकचकीत झाकण ठेवलं, आवाज भारदस्त यावा म्हणून सायलेन्सरला मागून एक भोक पाडलं. राहिलेल्या वीस हजारांचं मटण झालं. लग्न असं झालं की लोक वर्षभर म्हणत होते, अब्बासने बहिणीसाठी काय खर्च केलाय!

पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला. त्याने गाडी चालू केली, डोळे मिटले आणि म्हणाला, "आवाज ऐक गो. जपानी ते जपानी." बॉनेट त्याने उघडलं नाही. ज्याची गाडी बंद पडते तोच बॉनेट उघडतो, असं त्याचं म्हणणं. आणि महाडच्या रस्त्यांवर चाळीसच्या वर कोण जातं? ज्याला बारा वर्षं फरक कळला नाही त्याच्यासाठी इंजिन परत आणायची घाई मला तरी काय असणार? नंतर तो कायमचा परत आला आणि रोज संध्याकाळी व्हॅनच्या इंजिनावर स्पोर्ट्स कार मिरवत राहिला. मी ओटीवरून बघायचे आणि पदरात हसायचे.

मग एकवीस सालचा पूर आला. गाडी तीन दिवस पाण्याखाली. इंजिनात चिखल भरून ते जाम झालं. शहजादी विटांवर चढून मागच्या पडवीत पडून राहिली आणि मला वाटलं, माझं गुपितही तिच्याबरोबर गंजून जाईल.

गेल्या हिवाळ्यात अब्बासला सत्तर लागलं आणि त्याने जाहीर केलं की, मरायच्या आधी शहजादी घेऊन आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं.

मिस्त्री म्हणून आला रितेश, महादू मिस्त्रीचाच मुलगा. त्याने बॉनेट उचललं, झाकण काढलं आणि तसाच वाकून राहिला. मग हळूच वळून माझ्याकडे बघितलं. बापाने त्याला काही सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही, पण बापाच्या हातचं काम त्याने ओळखलं. मी म्हटलं, "रितेश, चहात साखर किती?"

"दोन चमचे, काकी," तो म्हणाला आणि झाकण परत ठेवलं. "काका, इंजिन पार गेलं. बदलायलाच लागेल."

"मग बदल. पण असंच पायजे. हुबेहूब असंच," अब्बास म्हणाला.

रितेशला ठसका लागला. चहा अजून आलेला नव्हता.

आठ दिवसांनी तो कागद घेऊन आला. कंपनीने हे इंजिन बनवणं कधीच बंद केलेलं. मुंबईत परदेशी गाड्यांची जुनी इंजिनं विकणाऱ्या एकाकडे एक होतं. पावणेतीन लाख. आणायचं भाडं वेगळं, बसवायचे तीस हजार वेगळे, आणि आत काय निघेल त्याची हमी नाही. "आणि दुसरा रस्ता म्हणजे," रितेश माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हॅनचं इंजिन टाकायचं. अडतीस हजारांत सगळं होतं. गाडीला... गाडीला चालतं ते."

अब्बास खुर्चीतून उठला. "व्हॅनचं? माझ्या शहजादीला व्हॅनचं इंजिन? अरे, मी दहा मिनिटांत ओळखीन! शंभर पावलांवरनं ओळखीन! तुझा बाप असता तर असलं बोललाबी नसता!"

रितेशने कागदाची घडी केली. मी आत जाऊन तोंडावर पदर धरला तो पाच मिनिटं काढला नाही.

पण पावणेतीन लाख ऐकून अब्बासचा जोर जरा ओसरला होता. मला वाटलं, आता महिनाभर चिडचिड करील आणि नाद सोडील. तसं झालंही असतं. पण आमचा मुलगा मुदस्सर टेम्पो चालवतो. एमआयडीसीचा माल नसेल त्या दिवशी पोलादपूरकडच्या वाड्यांतून तांदूळ आणतो. एका रात्री जेवताना त्याने मोबाइल बापापुढे धरला.

"अब्बा, हे बघा. वर एका वाडीत गिरणीला लावलंय. शेणाच्या गॅसवर चालतं. आपल्याच गाडीचं मॉडेल! म्हातारा विकायचं म्हणतोय, त्याच्याकडे आता विजेच्या मोटरीची लाइन आली."

माझ्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. जळाल्याचा वास आला तेव्हा दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मी पण येणार," मी म्हटलं.

"तू कशाला?" अब्बास म्हणाला.

"भाव करायला. तुम्हाला कोथिंबिरीचा भाव करता येत नाही."

खरं म्हणजे माझी झोप उडाली होती. हैबती बोलला तर? अब्बासला इंजिन गेल्याचं दुःख होईल, ते मी सोसलं असतं. पण ते का गेलं हे निघालं असतं. तुमचा पगार होत नव्हता हे मला माहीत होतं, तुम्ही खोटं बोलत होतात आणि मी ऐकून घेत होते, बहिणीचं लग्न तुमच्या पैशाने झालंच नाही, हे सगळं त्याच्या तोंडावर बोलायची पाळी आली असती. त्या लग्नाचं नाव काढलं की अजूनही त्याची मान ताठ होते. ती मान मला मोडायची नव्हती.

रविवारी सकाळी तिघं टेम्पोत बसून निघालो. पोलादपूर सोडलं, महाबळेश्वरचा रस्ता धरला आणि घाट लागायच्या आधी वाडीच्या चढाला वळलो. गिरणीचा आवाज खालीच ऐकू आला. अब्बासने काच खाली केली आणि कानाला हात लावला.

"ऐकलंस?" तो मला म्हणाला. "अगदी आपल्या शहजादीसारखा. जरा घुमतोय, पण तोच."

शहजादीत बारा वर्षं असला आवाज नव्हताच. मी म्हटलं, "हो का? मला नाही बाई त्यातलं कळत."

हैबती पांढऱ्या मिशांचा, कोंड्याने माखलेला, दारात उभा होता. त्याने मला बघितलं. मी त्याला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "या, बसा," एवढंच म्हणाला आणि बायकोला हाक मारली, "बनुबाय, पावनं आलेत गो, च्या टाक." माझा जीव भांड्यात पडला.

आत ते इंजिन लाकडी ओंडक्यांवर बसवलेलं होतं. एका बाजूला शेणाच्या गॅसची नळी, दुसऱ्या बाजूला गिरणीचा पट्टा. जपान्यांनी ते कशासाठी बनवलं असेल आणि ते काय करत होतं! पण चालत होतं झकास. सोळा वर्षं अख्ख्या वाडीचं भात त्याने भरडलं होतं. अब्बास त्याच्याभोवती फिरत होता, वाकून बघत होता, मध्येच त्याच्यावर हात ठेवत होता. "काय ठेवलंय बघ! याला म्हणतात काळजी," तो मुदस्सरला सांगत होता.

"तर भाव," हैबती म्हणाला. "आपलं बोट धा हजाराचं." त्याने रुमाल हातावर टाकला आणि हात पुढे केला.

मी पुढे व्हायला गेले, पण अब्बास त्याआधी वळला. इंजिन बघून त्याचं मन भरून आलं होतं. त्याला दिसला तो फक्त एका भल्या म्हाताऱ्याचा पुढे आलेला हात. आमच्यात सलाम करून मुसाफा करतात, म्हणजे समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात. अब्बासने दोन्ही हात रुमालाखाली घातले आणि हैबतीचा हात घट्ट धरला. नुसता धरला नाही, चांगला हलवला.

हैबतीचे डोळे मोठे झाले.

"धा?" त्याने विचारलं.

"अल्लाह तुमचं भलं करो," अब्बास म्हणाला आणि आणखी दाबलं.

"झाला सौदा!" हैबती ओरडला आणि पंजा मिटला. बनुबाई चहाचा ट्रे घेऊन येत होती, तिला वर्दी मिळाली, "एक लाख गो! एक लाखाला गेलं!" दोन कप ट्रेवरच लवंडले.

"कसले लाख?" अब्बास हात सोडवत म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. त्याला बोटांचा हिशेब समजावला तेव्हा तो माझ्यावरच खेकसला, की मी आधी का नाही सांगितलं. हैबतीने मनात चाळीस धरले होते, हे मला त्याच्या तोंडावरच दिसत होतं. पण मिटलेला पंजा सोडणं म्हणजे बाजारातून उठणं. तो म्हणाला, "मी मागितलं नाय. त्यांनीच दिलं."

"असू दे," अब्बास शेवटी म्हणाला. "मुंबईवाला पावणेतीन मागतो. हे शेणावर चाललंय तरी याचा आवाज बघ. एक लाख तर एक लाख." आणि तो मुदस्सरला म्हणाला, "नंबर लिहून घे रे. आरसी पुस्तकात नोंद करायला लागेल."

नंबर. तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. रात्र रात्र जागून मी हैबतीच्या तोंडाचा विचार केला, इंजिनाच्या अंगावर कोरलेलं कोण पुसणार होतं?

इंजिन बंद करून मुदस्सर बाजूला बसला. फडक्याने तेलकट थर पुसला, बॅटरी मारून एकेक आकडा वाचला आणि मोबाइलमधल्या आरसीच्या फोटोशेजारी लिहायला गेला. मग थांबला. परत वाचला.

"अब्बा, हा तर आपलाच नंबर."

"आपला म्हणजे?"

"म्हणजे आपल्या गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे, तो हा."

अब्बासने मोबाइल हातात घेतला, वाकला, स्वतः आकडे लावून बघितले. मग सरळ झाला आणि त्याचा आवाज चढला.

"चोर! माझं इंजिन चोरलंस? आणि मलाच लाखाला विकतोस?"

"चोरी नाय केली," हैबती म्हणाला. "मोजून पैसं दिलंत."

"कुणाला?"

"रुमालाखालचा सौदा हाय. सांगायचा नाय."

"सांगायचा नाय? मी पोलिसांत जाईन! मुदस्सर, फोन लाव!"

"लावा," हैबती म्हणाला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. बनुबाईने बघितलं. तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या दारात चोर म्हणवून घेत होता, कारण सोळा वर्षांपूर्वी त्याने माझा हात धरला होता. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"फोन ठेव रे," मी म्हटलं. "ते मी विकलं."

अब्बास माझ्याकडे वळला. "तू?"

"मी. तुमच्या बहिणीच्या लग्नात."

"का? मी पैसे पाठवले होते की!"

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याने आणखी एकदा म्हटलं, "पाठवले होते मी," पण या खेपेला हळू. मग त्याला कळलं की मला माहीत आहे. आजचं नाही, तेव्हापासून माहीत आहे. तो तांदळाच्या पोत्यावर बसला. मुदस्सरने तोंड दुसरीकडे वळवलं.

"सात महिने," अब्बास खाली बघून म्हणाला. "तुला काय सांगणार होतो?"

"काही नाही. म्हणून तर मीही नाही सांगितलं."

मला वाटलं, हा आता रडणार. मी जवळ जाणार इतक्यात त्याने मान वर केली.

"कितीला दिलंस?"

"अठ्ठावीस हजारांना."

"अठ्ठावीस!" तो ताडकन उठला. "अगो, या इंजिनाचे अठ्ठावीस? नुसत्या झाकणाचे कुणी अठ्ठावीस देईल! केलं काय त्याचं?"

"आठ हजारांचं दुसरं आणून बसवलं. वीस हजारांचं मटण. चारशे माणसांनी तुमचं इंजिन खाल्लं आणि तुमचं नाव घेत हात धुतले."

मुदस्सर फिसकन हसला. बापाने बघितल्यावर खोकला. पण अब्बासच्या डोक्यात तोवर दुसरंच शिरलं होतं.

"दुसरं म्हणजे कुठलं?"

आता हे मात्र सांगायला मला मजा आली. खोटं कशाला बोलू?

"व्हॅनचं."

तो परत पोत्यावर बसला.

मी हैबतीकडे वळले आणि हात जोडले. "चुकलं आमचं. चोर म्हणाले ते शब्द मी परत घेते त्यांच्या वतीने."

"त्याचं काय नाय," हैबती म्हणाला. "पर सौदा झालाय, बाय. दोन्ही पंजं दिलंत."

मी त्याच्या खांद्यावरचा रुमाल मागून घेतला, माझ्या हातावर टाकला आणि पुढे केला. त्याने सवयीने हात घातला. मी एकच बोट धरलं. करंगळी.

तो वर आढ्याकडे बघायला लागला.

"आठवतं?" मी विचारलं. "विकायचं झालं तर आधी मला विचारायचं. विचारलंत?"

"तुजाच घरवाला आला ना!"

"तो आला. मी आले का? मला कुणी विचारलं?"

हैबतीच्या मिशा हलल्या आणि तो हसला, पोट धरून हसला. "हमजाशेठची लेक! सोळा वर्सं धरून ठिवलीस ती करंगळी!" आणि मग आम्ही दोघांनी रीतसर भाव केला. जुना भाव मी सांगून टाकला कारण बिंग फुटलंच होतं. नवा सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्याच आठवड्यात मुदस्सरने गिरणीसाठी एक चांगली मोटर टेम्पोतून वर नेऊन दिली आणि बनुबाईने आम्हाला दोन पायली तांदूळ बांधून दिला.

परतताना इंजिन मागे दोरांनी आवळलेलं आणि शेणाचा वास पुढे आमच्या नाकात. मुदस्सर चालवत होता, मी मधे, अब्बास खिडकीशी. पोलादपूर मागे पडल्यावर त्याने खिशातून त्याचा मोठा चौकटीचा रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला.

"हे काय?" मी विचारलं.

"भाव कर," तो म्हणाला. "मी बारा वर्षं व्हॅनच्या इंजिनावर फिरलो, हे महाडात कुणाला कळता कामा नये. काय घेशील?"

"बोट म्हणजे काय ते तुम्हाला कळतं का?"

"तू शिकव."

त्याने हात रुमालाखाली घातला. दोन्ही घातले. मी म्हटलं, एकच हात, मुसाफा नको. मग एक काढला. मी भाव सांगितला. त्याने हात ओढायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. नडगाव मागे पडलं तरी ओढाओढ चालूच होती. मुदस्सर मुद्दाम समोर बघत गाणं गुणगुणत होता. महाडची वेस दिसायला लागली तेव्हा कुठे अब्बासने लांब श्वास सोडला आणि पंजा मिटला.

रितेशने वीस दिवसांत इंजिन बसवलं. पुस्तकात नंबर तोच असल्यामुळे नवी नोंद करायची गरजही पडली नाही. घाट अजून व्हायचा आहे, तो मेमध्ये होईल. सध्या शहजादी रोज संध्याकाळी पाच वाजता चवदार तळ्याला चक्कर मारते. पुढे आणि मागे शिकाऊचा लाल एल चिकटवलेला आहे. अब्बास डावीकडे बसतो, एक हात हँडब्रेकवर ठेवून. मी उजवीकडे.

कोणी विचारलंच तर तो सांगतो, "डॉक्टरने गाडी चालवायला मनाई केलीय."

डॉक्टरने असं काही म्हटलेलं नाही. पण मी मान हलवते. तेही भावात धरलेलं होतं.